मेम्ब्रेन म्हणजे चाळणी नव्हे: पोटॅशियम जातं, त्याहून छोटं सोडियम का अडतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पेशीपटल चाळणीसारखं असतं, छोटं जाऊ देतं आणि मोठं अडवतं असं शिकवलं जातं, मग पोटॅशियमचा आयन सोडियमपेक्षा मोठा असून सहज ये-जा कसा करतो, सोडियम छोटा असून का अडतो, आणि ग्लुकोज कमी असलेल्या बाजूकडून जास्त असलेल्या बाजूकडे कसं जातं, हे विसरणाच्या नियमाच्या (पदार्थ जास्तकडून कमीकडे पसरतो) उलट नाही का?

मी वीसेक वर्षं आयन चॅनेलवर काम करतेय, म्हणजे रोजचं काम हेच, एकेका पेशीला काचेची बारीक नळी लावून तिच्या पटलातून किती करंट जातो ते मोजायचं. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, पण ही चाळणीची कल्पना एकदा डोक्यातून गेली की बाकीचं सगळं आपोआप जागेवर बसतं, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

मेम्ब्रेन, म्हणजे हे पेशीपटल, बनलंय फॉस्फोलिपिड नावाच्या चरबीच्या दोन थरांचं. प्रत्येक रेणूला एक डोकं, ज्याला पाणी आवडतं, आणि दोन तेलकट शेपट्या, ज्यांना पाणी चालत नाही. मग शेपट्या आत एकमेकींकडे वळतात, डोकी दोन्ही बाजूंना पाण्याकडे राहतात, आणि मध्ये तेलाचा एक पातळ पडदा तयार होतो. सगळं मिळून जाडी साधारण 5 नॅनोमीटर, त्यातलं मधलं तेल जेमतेम 3 नॅनोमीटर. कागदाच्या एका पानाच्या जाडीत अशी वीसेक हजार पटलं मावतील. हे दोन थर असल्याचं 1925 मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी दाखवलं, लाल पेशींमधली चरबी काढून पाण्यावर एका थरात पसरवली तर ती पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापते म्हणून. गंमत म्हणजे त्यांची चरबी पूर्ण निघाली नव्हती आणि पेशींचा पृष्ठभागही त्यांनी कमीच धरला होता, दोन्ही चुकांनी एकमेकींना खोडलं आणि उत्तर बरोबर आलं.

आता मुख्य मुद्दा. या तेलात भोकं नाहीयेत. चाळणीत भोकं असतात, इथे सलग तेल आहे, त्यामुळे "मावतो का" हा प्रश्नच येत नाही, प्रश्न येतो "पाणी सोडून तेलात शिरायला तयार आहे का" हा. ओव्हर्टनने 1890च्या दशकातच बघितलं होतं की जो पदार्थ तेलात जास्त विरघळतो तो पेशीत जास्त लवकर शिरतो, आणि तेव्हा तर लिपिडचा थर असतो हेही कुणी सिद्ध केलेलं नव्हतं. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन यांना पाण्याचं विशेष प्रेम नाही, ते सरळ आरपार जातात. स्टेरॉइड हॉर्मोन्स तर ग्लुकोजपेक्षा चांगलेच मोठे, तरी तेलकट असल्यामुळे आत जातात, आणि ग्लुकोज त्यांच्यापेक्षा लहान असून बाहेर राहतं कारण त्याच्या अंगावर पाच हायड्रॉक्सिल गट आहेत आणि प्रत्येकाने पाण्याचा हात धरलेला असतो. चाळणीची कल्पना इथेच मोडते बघा.

आयनांचं तर विचारूच नका. सोडियमवर धन प्रभार आहे, त्यामुळे पाण्याचे रेणू आपली ऑक्सिजनची बाजू त्याच्याकडे करून त्याला चिकटून बसतात. पाण्यातला सोडियम कधीच एकटा नसतो, पाण्याचं कवच घेऊनच फिरतो. तेलात शिरायचं तर हे कवच उतरवून ठेवावं लागतं आणि त्याला लागणारी ऊर्जा इतकी प्रचंड आहे की नुसत्या लिपिडच्या थरातून सोडियम पाण्याच्या तुलनेत अब्जपटीहून हळू जातो, म्हणजे व्यवहारात जातच नाही. आणि आता तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर: सोडियम छोटा आहे म्हणूनच त्याचा प्रभार जास्त एकवटलेला आहे, म्हणून तो पाणी जास्त घट्ट धरतो, म्हणून पाण्यात कवचासकट मोजला तर तो पोटॅशियमपेक्षा मोठाच भरतो. पुस्तकातल्या टेबलमध्ये असते ती उघड्या आयनाची त्रिज्या, सोडियमची साधारण 0.95 आणि पोटॅशियमची 1.33 अँगस्ट्रॉम, आणि ती बघून सगळे फसतात.

मग पोटॅशियम कसा जातो? तर तो तेलातून जातच नाही, तो चॅनेल नावाच्या प्रोटीनमधून जातो. हे प्रोटीन पटलात आरपार रोवलेलं असतं, मध्ये पाण्याने भरलेली वाट, आणि त्या वाटेत एका ठिकाणी एक अरुंद गळा. रॉडरिक मॅकिनन यांच्या गटाने 1998 मध्ये एका बॅक्टेरियाच्या पोटॅशियम चॅनेलची रचना क्ष-किरणांनी बघितली तेव्हा कळलं की या गळ्याच्या भिंतींवर ऑक्सिजनचे अणू ओळीने आत तोंड करून उभे आहेत आणि त्यांच्यातलं अंतर असं आहे की पोटॅशियमला पाण्याच्या कवचात जसं वाटतं तसंच इथे वाटावं. म्हणजे तो आपलं पाणी सोडतो आणि त्या जागी लगेच भिंतीवरचे ऑक्सिजन मिळतात, तोटा शून्य. सोडियम आला तर तो त्या जागेत सैल पडतो, सगळ्या ऑक्सिजनांना एकदम नीट टेकत नाही, त्यात त्याने सोडलेलं पाणी जास्त महागाचं, त्यामुळे त्याचा हिशोब जमत नाही आणि तो आत शिरत नाही. मावत नाही म्हणून नाही, परवडत नाही म्हणून. हजारो पोटॅशियममागे एखादा सोडियम चुकून जातो, इतकी निवड पक्की, आणि तरीही वेग सेकंदाला कोट्यवधी आयनांचा. मी हे इतकी वर्षं बघतेय तरी एकाच प्रोटीनमध्ये एवढी चोखंदळ निवड आणि एवढा वेग एकत्र नांदतात याचं नवल अजून संपलेलं नाही.

हे सगळं थिअरी वाटत असेल तर प्रत्यक्ष कसं दिसतं ते सांगते. काचेची नळी तापवून ओढली की टोक साधारण एक मायक्रॉनचं होतं, त्यात मिठाचं द्रावण आणि चांदीची तार. मायक्रोस्कोपखाली ही नळी पेशीकडे न्यायची, नेताना आतून हलकी हवा बाहेर ढकलत राहायची म्हणजे टोकाला कचरा लागत नाही. स्क्रीनवर रेझिस्टन्स तेव्हा असतो 4-5 मेगाओहम. टोक पेशीला टेकलं की पेशीवर हलकासा खड्डा पडलेला दिसतो, तेव्हा हवा सोडायची आणि नळीतून अगदी अलगद ओढायचं. काही सेकंद काहीच होत नाही आणि मग एकदम, कधीकधी श्वास रोखून बसलेलं असतानाच, आकडा चढतो, पन्नास, दोनशे, आणि गिगाओहमच्या वर. काच आणि मेम्ब्रेन एकमेकांना असे चिकटले की मधून आयनांना वाटच उरली नाही, आणि टोकाखाली अडकलेला मेम्ब्रेनचा तो गोल तुकडा स्वतः किती उत्तम इन्शुलेटर आहे हेही त्याच आकड्यात दिसतं. त्या तुकड्यात नशिबाने एखादंच चॅनेल असेल तर स्क्रीनवरची सपाट रेघ अचानक पायरीसारखी खाली जाते, काही मिलिसेकंद तिथे राहते आणि परत वर येते. ती पायरी म्हणजे एक रेणू उघडला आणि बंद झाला. 2 पिकोअँपिअरची पायरी म्हणजे सेकंदाला साधारण सव्वा कोटी आयन एका वाटेने. एर्विन नेहेर आणि बर्ट साकमान यांनी 1976 मध्ये हे पहिल्यांदा दाखवलं, 1991 चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं.

चॅनेल नेहमी उघडं नसतं हेही त्या पायरीतून लक्षात येतं. कुणाला व्होल्टेज बदललं की उघडायचं असतं, कुणाला एखादा रेणू येऊन बसला की, कुणाला पटल ताणलं गेलं की. पण एक गोष्ट कुठलंही चॅनेल करू शकत नाही, उताराच्या उलट नेऊ शकत नाही. चॅनेल फक्त दार उघडतं, आयन कुठल्या दिशेला जाणार हे दोन गोष्टींवर ठरतं: कुठल्या बाजूला किती आयन आहेत आणि व्होल्टेज किती आहे.

पाण्याकडे वळते कारण परासरणाबद्दलचे, म्हणजे पटलातून पाणी जाण्याबद्दलचे, गैरसमज सगळ्यात जास्त आहेत. पाणी लिपिडमधून थोडंफार जातं, पण लाल पेशी किंवा किडनीच्या नलिकांमध्ये ते इतक्या वेगाने जातं की नुसत्या तेलातून ते शक्य नाही, कुठेतरी खास वाट असणार असा संशय बराच जुना होता. ती वाट, अॅक्वापोरिन, 1992 मध्ये पीटर अॅग्रे यांच्या गटाने बेडकाच्या अंड्यात घालून सिद्ध केली, ज्या अंड्यांत हे प्रोटीन होतं ती पातळ द्रावणात फुगून फुटली आणि बाकीची तशीच राहिली. एका अॅक्वापोरिनमधून सेकंदाला काहीशे कोटी पाण्याचे रेणू जाऊ शकतात आणि तरी प्रोटॉन जात नाही, नाहीतर पेशीचा सामू (pH) सांभाळणं अशक्य झालं असतं. 2003 चं रसायनशास्त्राचं नोबेल अॅग्रे आणि मॅकिनन दोघांना मिळून आहे.

परासरणाबद्दल मी नव्या विद्यार्थ्यांकडून एक प्रयोग करून घेतेच. तीन टेस्ट ट्यूब घ्यायच्या. एकीत 0.9 टक्के मीठ, दुसरीत 300 मिलीमोलर युरिया, तिसरीत तेच मीठ आणि तोच युरिया दोन्ही. पहिल्या दोन्हींची ऑस्मोलॅरिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांची एकूण संख्या लिटरमागे, जवळपास सारखी, तिसरीची दुप्पट. प्रत्येकीत लाल पेशींचा एकेक थेंब टाकायचा आणि ट्यूबच्या मागे छापील कागद धरायचा. मिठाच्या ट्यूबमध्ये द्रावण गढूळ लाल राहतं, मागची अक्षरं दिसत नाहीत. युरियाच्या ट्यूबमध्ये काही सेकंदांत द्रावण स्वच्छ पारदर्शक लाल होतं आणि मागचं वाचता येतं, कारण पेशी सगळ्या फुटल्या आणि हिमोग्लोबिन बाहेर आलं. विद्यार्थी म्हणतात पण मॅडम, दोन्ही समपरासारीच (ज्यात पेशी फुगत नाही की आकसत नाही असे) होते ना? नाही, कण दोन्हीकडे सारखेच होते, पण मीठ बाहेर राहतं आणि युरिया आत जातो, लाल पेशींना युरियाचं वेगळं ट्रान्सपोर्टर प्रोटीनच असतं. युरिया आत-बाहेर सारखा झाला की त्याचा काही उपयोग उरत नाही, पेशीच्या दृष्टीने ती नुसत्या पाण्यात पडल्यासारखी झाली, आतलं हिमोग्लोबिन आणि पोटॅशियम पाणी ओढतं आणि पटल फाटतं. तिसऱ्या ट्यूबमध्ये युरिया तेवढाच असून पेशी फुटत नाहीत, कारण मीठ बाहेर राहून सांभाळतं. म्हणजे समपरासारी आहे की नाही हे द्रावणावरून एकट्याने ठरत नाही, कुठल्या मेम्ब्रेनसमोर आहे त्यावर ठरतं. तुम्हाला संधी मिळाली तर हे एकदा डोळ्यांनी बघाच.

आता दुसरा अर्धा भाग, उताराच्या उलट जाणं. इथे आधी आकडे बघा. बाहेर सोडियम साधारण 145 मिलीमोलर, आत 12 च्या आसपास. पोटॅशियमचं उलटं, बाहेर 4 आणि आत 140. कॅल्शियम तर आत मोकळं इतकं कमी की बाहेरच्या तुलनेत दहा हजार पट फरक. ही असमानता कुणीतरी राखली पाहिजे, नाहीतर थोडी थोडी गळती होऊन सगळं सारखं होईल. राखतो तो सोडियम-पोटॅशियम पंप. येन्स स्कू यांनी 1957 मध्ये तो खेकड्याच्या पायाच्या नसांमध्ये शोधला, आणि त्याचं नोबेल मिळालं थेट 1997 मध्ये, चाळीस वर्षांनी. एका एटीपीमागे (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) 3 सोडियम बाहेर, 2 पोटॅशियम आत. पंप कधीच दोन्ही बाजूंना एकाच वेळी उघडा नसतो, आतून उघडतो, सोडियम घेतो, एटीपीकडून फॉस्फेट अंगावर घेतो, आकार बदलतो, बाहेरच्या बाजूला उघडतो, सोडियम सोडतो, पोटॅशियम घेतो आणि परत वळतो. चॅनेल सेकंदाला कोट्यवधी नेतं आणि पंप सेकंदाला शे-दीडशे फेऱ्या करतो, म्हणून पंप संख्येने खूप लागतात. माणूस नुसता पडून असतानाही शरीराच्या ऊर्जेचा साधारण पाव हिस्सा एकट्या या पंपावर जातो, मेंदूत तर त्याहून बराच जास्त.

एवढा खर्च कशासाठी? कारण पंपाने जमवलेला हा सोडियमचा साठा पेशीची शिल्लक आहे आणि बाकी सगळे त्यातून खर्च करतात. ग्लुकोजचंच घ्या. आतड्याच्या पेशीत एसजीएलटी-1 नावाचं प्रोटीन आहे, ते 2 सोडियम आणि 1 ग्लुकोज एकत्र बसल्याशिवाय वळत नाही. सोडियमला आत यायची घाई आहे, बाहेर तो जास्त आणि आत व्होल्टेज ऋण, म्हणून तो उताराने येतो आणि ग्लुकोजला चढावर ओढत आणतो. विसरणाचा नियम मोडलेला नाही, एकाचा चढ दुसऱ्याच्या उताराने भरून निघाला, आणि हिशोबाने बघितलं तर या जोडणीत ग्लुकोज आत हजारोपट जमवण्याएवढी ताकद आहे. मग तेच ग्लुकोज पेशीच्या मागच्या बाजूने ग्लट-2 नावाच्या साध्या ट्रान्सपोर्टरमधून रक्तात उतरतं, तिथे उतारच आहे म्हणून काही खर्च नाही. रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडीची कल्पना 1960 मध्ये मांडली, आणि ओआरएस याच तत्त्वावर चालतं. कॉलऱ्याच्या विषाने आतड्यातली क्लोराइडची चॅनेल्स उघडी राहतात आणि पाणी वाहून जातं, पण एसजीएलटीला ते विष हात लावत नाही, म्हणून मीठ आणि ग्लुकोज बरोबर दिले की दोन्ही आत जातात आणि मागोमाग पाणी. सध्याच्या डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्यात लिटरमागे सोडियम 75 आणि ग्लुकोजही 75 मिलीमोल आहे, ते उगाच नाही. आणि म्हणून ओआरएसमध्ये अंदाजाने जास्तीची साखर घालू नका, न शोषलेली साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात.

ही शिल्लक हृदयातही दिसते. तिथे 3 सोडियम आत घेऊन 1 कॅल्शियम बाहेर टाकणारं प्रोटीन आहे. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध सोडियम-पोटॅशियम पंपाला थोडंसं अडवतं, आत सोडियम वाढतं, त्याचा उतार कमी होतो, कॅल्शियम बाहेर कमी फेकलं जातं आणि हृदय जास्त जोराने आकुंचन पावतं. पंपाला हात लावला आणि परिणाम कॅल्शियमवर दिसला. (वनस्पती आणि बुरशी हेच सगळं प्रोटॉनच्या उतारावर करतात, सोडियमच्या नाही, तत्त्व तेच.)

व्होल्टेजबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. पेशीच्या आत -70 मिलिव्होल्ट असतं हे वाचून लोकांना वाटतं की आत ऋण आयनांचा ढीग असेल. 20 मायक्रॉन व्यासाची गोल पेशी धरून हिशोब करा, एवढ्या व्होल्टेजसाठी साधारण 55 लाख पोटॅशियम बाहेर गेले की पुरे, आणि आत ते असतात सुमारे 35 हजार कोटी. म्हणजे साठ-पासष्ट हजारांत एक. पण पटल इतकं पातळ आहे की हे इवलंसं व्होल्टेज सेंटिमीटरमागे दीड लाख व्होल्टच्या आसपासचं विद्युतक्षेत्र तयार करतं, आणि व्होल्टेजवर उघडणारी चॅनेल्स हेच क्षेत्र ओळखतात.

मोठा माल, म्हणजे प्रोटीन, कोलेस्टेरॉलचे कण वगैरे, पटल स्वतः खोलगट होऊन पिशवीत घेतं, त्याला पुस्तकात पेशीय भक्षण म्हणतात. इथे एक गोष्ट बहुतेक ठिकाणी सांगितलेलीच नसते: पिशवीत आलेला पदार्थ अजून खऱ्या अर्थाने आत आलेलाच नाही. पिशवीची आतली बाजू म्हणजे पेशीची बाहेरचीच बाजू, फक्त मिटलेली. लोह ट्रान्सफेरिनवर (रक्तात लोह वाहणारं प्रोटीन) बसून पिशवीत येतं, तिथे सामू कमी केला जातो, लोह सुटतं, आणि मग त्यालाही पिशवीचं पटल ओलांडायला वेगळं ट्रान्सपोर्टर लागतंच. तेलाच्या त्या 3 नॅनोमीटरपासून कुणाची सुटका नाही.

आणि या सगळ्याला सतत ऊर्जा लागते हे बघायचं असेल तर पंप थंडावल्यावर काय होतं ते बघा. ब्लड बँकेत रक्त 2 ते 6 अंशांवर ठेवतात, त्या थंडीत लाल पेशींचा पंप जवळपास थांबतो, गळती मात्र चालू राहते, म्हणून पिशवी जितकी जुनी तितकं बाहेरच्या द्रवातलं पोटॅशियम वाढत जातं, आणि नवजात बाळाला भरपूर रक्त द्यायचं असेल तर डॉक्टर ताजी पिशवी मागतात ते त्यासाठीच. आमच्याकडे रोज सकाळी पेशी वापरण्याआधी त्यांच्यात ट्रायपॅन ब्लू नावाचा निळा रंग थेंबभर टाकून मायक्रोस्कोपखाली मोजतो. रंगाचा रेणू मोठा आणि ऋण प्रभाराचा, शाबूत पटलातून तो जात नाही, त्यामुळे जिवंत पेशी चकचकीत बिनरंगी दिसतात आणि ज्यांचं पटल गेलंय त्या गडद निळ्या. शंभरातल्या दहापेक्षा जास्त निळ्या दिसल्या तर ती डिश मी त्या दिवशी वापरत नाही.